टायरॉडची टोपी

दसऱ्याच्या दिवशी बीडच्या कुठल्याही शोरूमबाहेर तासभर उभं राहावं. माणसाचा आपल्या गाडीच्या कोणत्या भागावर किती जीव असतो, ते तिथं डोळ्यांदेखत कळतं. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक निघतं, आरशांना झेंडू लागतो, चारी चाकांखाली चार लिंबं जातात, डॅशबोर्डवर परळीचा वैजनाथ नाहीतर अंबाजोगाईची योगेश्वरी विराजमान होते. सीटवरचं प्लॅस्टिक काढायचं नाही, अशी घरातल्या थोरांची सक्त ताकीद असते. मग उन्हाळ्यात पाठीला घामोळं आलं तरी बेहत्तर. पुढं काळी बाहुली, मागं जुनी चप्पल. स्टेअरिंगच्या चाकाला तर असं केसाळ कव्हर चढतं, की थंडीत चालकाला स्वेटरची गरज पडू नये.

धूळ, दृष्ट, ओरखडा, कावळ्याची शीट, सगळ्यांचा बंदोबस्त होतो. फक्त ते केसाळ चाक फिरवल्यावर ज्या सांध्यांमुळे रस्त्यावरचं चाक फिरतं, त्या सांध्यांवरच्या बोटभर रबराकडे कोणी वाकून बघत नाही. तिथं लिंबू ठेवायला जागा नसते, आणि फोटोत ते येत नाही.

गाडीखाली जाऊन पाहिलं तर मामला साधा आहे. मोटारीत स्टेअरिंगच्या दांड्याच्या टोकाला छोटं दातेरी चाक असतं, पिनियन. ते रॅक नावाची दातेरी पट्टी डावी-उजवीकडे सरकवतं. रॅकच्या दोन्ही टोकांना टायरॉड, आणि टायरॉडच्या टोकाला बॉल जॉइंट, ज्याला गॅरेजमध्ये ‘टायरॉड एंड’ म्हणतात. ट्रॅक्टरला सहसा रॅक नसतो. जुन्या मेकॅनिकल स्टेअरिंगच्या ट्रॅक्टरला स्टेअरिंग बॉक्स, ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंक असा लवाजमा असतो. पण शेवटी तिथंही गोळा आणि त्याची वाटी हाच संसार. गोळा वाटीत चोहीकडे फिरला पाहिजे, मात्र हलता कामा नये. त्यासाठी वाटीत ग्रीस असतं आणि ग्रीस आत राहावं, माती बाहेर राहावी म्हणून वर रबराची टोपी असते. रॅकच्या दोन टोकांना घड्याघड्यांचे रबरी भाते असतात. चाक पूर्ण एका बाजूला वळवलं की एक भाता ताणला जातो, दुसरा मिटतो. मिटलेल्या घडीत खडा अडकला असेल, तर पुढच्या प्रत्येक वळणाला तो रबराला तिथंच चावत राहतो.

रबर एकदा फाटलं की पुढचं काम माती स्वतःच अंगावर घेते. इंजिनाचे व्हॉल्व घासून बसवायला मिस्त्री एक पेस्ट वापरतात. ती म्हणजे ग्रीसमध्ये कालवलेली कठीण भुकटी. फाटक्या टोपीआड नेमकी तीच पेस्ट तयार होते. फरक एवढाच, की ही फुकट असते, तिला सुट्टी नसते आणि ती व्हॉल्वऐवजी चालकाचा जीव ज्यावर अवलंबून आहे तो गोळा घासते.

ही टोपी इतकी क्षुल्लक वाटते, की ती देशाच्या कायद्यात आहे हे सांगितल्यावर लोक हसतात. पण आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ९८ क्रमांकाचा नियम खास स्टेअरिंगवर आहे. स्टेअरिंगच्या चाकाची रिकामी हालचाल ३० अंशांच्या पुढं जाऊ नये, जोडणीतले सगळे बॉल जॉइंट रबरी टोप्यांनी झाकलेले असावेत, आणि जिथं बोल्ट किंवा पिना असतील तिथं त्या नीट अडकवलेल्या असाव्यात, असं तो सांगतो. दिल्लीत बसून कोणीतरी टायरॉडच्या टोपीचा विचार केला, तो कागदावर उतरवला आणि राजपत्रात छापून आणला, ही गोष्ट खरं तर चौकाचौकांत बॅनर लावण्याच्या लायकीची आहे. बीडमध्ये याहून किरकोळ कारणांसाठी बॅनर लागतात.

३० अंश म्हणजे घड्याळाच्या तासकाट्याची एका तासाची चाल. साधारण ४० सेंटिमीटर व्यासाच्या चाकावर ते अंतर दहा सेंटिमीटर भरतं. एवढं चाक फिरवूनही गाडी ढिम्म वळली नाही, तर तिथं कायद्याची सहनशक्ती संपते. जिल्ह्यातल्या कित्येक चालकांची मात्र तिथून सुरू होते. “थोडा प्ले आहे, पण आपल्याला सवय झालीय,” हे वाक्य माजलगावपासून आष्टीपर्यंत सारख्याच अभिमानाने ऐकायला मिळतं. नवख्या माणसाने त्यांची गाडी सरळ रस्त्यावरून सरळ नेऊन दाखवावी, असं उलट आव्हान असतं. केज तालुक्यातल्या विडा गावात धुळवडीला जावयाला गाढवावर बसवून, गळ्यात चपलांचा हार घालून मिरवतात. गाढवाने कुठं वळायचं यात जावयाचा शब्द अजिबात चालत नाही. प्ले असावा तर असा. पण त्या मिरवणुकीचा वेग बेताचा असतो आणि समोरून हायवा येत नसतो.

आता या टोपीच्या शत्रूंकडे वळू. त्यांच्या बाबतीत बीड जिल्हा संपन्न आहे. अकरा तालुके, आणि घाणीचे प्रकार जवळपास तेवढेच.

पहिला मान काळ्या मातीचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थरावर थर पसरले, त्या बेसॉल्टची झीज होऊन ही माती झाली. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते. जिल्ह्यात पाऊस वर्षाला साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे चिखलाने फार माजावं अशी परिस्थिती नाही. तरी ज्या चार दिवसांत तो पडतो, त्या चार दिवसांत गोदाकाठची गाळवट जमीन ट्रॅक्टरचा पुढचा आस अशी लिंपून टाकते, की टायरॉड कुठं संपतो आणि शेत कुठं सुरू होतं ते कळू नये. चिखल ओला असेपर्यंत निरुपद्रवी असतो. तो वाळून दगड झाला, की स्टेअरिंग फिरवताना टोपीच्या कडेवर त्याचं ओझं येतं आणि रबर वाटीवरून सुटतं. शेतकरी संध्याकाळी नांगराचा फाळ पुसतो, पाभर झाडतो, बैल असतील तर त्यांचे पाय धुतो. ट्रॅक्टरच्या पायांची पाळी येत नाही.

काळी माती निदान स्वभावाने मऊ. मुरूम तसा नाही. पाटोदा, शिरूर कासार, धारूर या बालाघाटाच्या अंगाखांद्यावरच्या तालुक्यांत मुरमाची, खडीची आणि क्रशरच्या कचीची धूळ उन्हाळाभर उडते. गेवराईच्या बाजूला गोदावरीची वाळू, जिच्या वाहतुकीबद्दल जेवढं बोलावं तेवढं कमी आणि जेवढं न बोलावं तेवढं बरं. वाळूत गारगोटी असते. कठीणपणाच्या दहा अंकी मापात ती सातव्या अंकावर बसते, म्हणजे पाणी दिलेल्या पोलादाच्या तोडीला तोड. टायरॉड एंडमधला गोळा पोलादी असला तरी गारगोटीपुढं त्याची मिजास चालत नाही.

परळीकडे औष्णिक वीज केंद्राची राख. ती इतकी बारीक, की फाटक्या रबराची वाट बघत बसत नाही, ढिल्या क्लिपच्या फटीतूनही आत जाते. राखेचे टँकर आणि टिप्पर ज्या रस्त्यांवरून धावतात, त्या रस्त्यांवरच्या बाकीच्या गाड्याही कालांतराने राखाडी होतात. तिथं पांढरी गाडी घेणाऱ्याला लोक दूरदर्शी म्हणतात.

मग शेतातले हल्लेखोर. पऱ्हाटी उपटून झाली तरी काही खुंट रानात राहतात. तुरीची धसकटं तर वाळल्यावर भाल्याच्या टोकाची होतात. टायर त्यांना कसाबसा सोसतो, रबरी टोपी सोसत नाही. उसाचं पाचट पुढच्या आसाभोवती, टायरॉडभोवती गुंडाळत जातं आणि करकचून आवळतं. शेवटी उंदीर. पावसाळ्यात पोत्यांशेजारी उभ्या केलेल्या गाडीचं रबर उंदीर का कुरतडतो, हे त्यालाच ठाऊक. गाडीच्या वायरी आधी खायच्या की टोपी, यावरही त्यांच्यात एकमत नसावं; दोन्ही कुरतडलेलं सापडतं.

जुन्या माणसांना हे दुखणं नव्हतं असं नाही, पण ते त्याच्याशी जास्त सभ्यपणे वागत. बैलगाडीला स्टेअरिंग नव्हतं. कासरा ओढला की बैल वळे आणि बैलामागं गाडी. आस मात्र घासायचाच. म्हणून गाडीला वंगणाचं नळकांडं लटकवलेलं असे आणि लांबच्या वाटेला निघण्याआधी चाक काढून आसाला वंगण देणं हा गाडीवानाच्या इभ्रतीचा प्रश्न होता. कुरकुरणारी गाडी वेशीतून आत आली तर लोक गाडीला नाही, गाडीवानाला नावं ठेवायचे. आज स्टेअरिंग खडखडलं तर नाव कंपनीला ठेवतात.

चार चाकांच्या वाहनाला वळवायचं म्हटल्यावर मात्र सांध्यांशिवाय गत्यंतर राहिलं नाही. वळताना आतल्या बाजूच्या चाकाला बाहेरच्यापेक्षा जास्त वळावं लागतं. ते कसं साधायचं याची युक्ती म्युनिकच्या गेओर्ग लांकेनस्पेर्गर नावाच्या बग्गी बनवणाऱ्याने काढली आणि १८१८ मध्ये लंडनला रुडॉल्फ अकरमान यांनी तिचं पेटंट घेतलं. नाव चिकटलं ते पेटंट घेणाऱ्याचं. ऊस पिकवणारा एक आणि साखरेच्या पोत्यावर नाव दुसऱ्याचं, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. पुढं मोटारी आल्या, सांधे वाढले, आणि प्रत्येक सांध्यात वंगण पोचवायचं कसं हा प्रश्न उभा राहिला. त्याचं आज सर्रास दिसणारं उत्तर म्हणजे ग्रीसचं निपल. ऑस्ट्रियात जन्मलेल्या ऑस्कर झेर्क यांना त्याचं अमेरिकी पेटंट १९२९ मध्ये मिळालं. शेंगदाण्याएवढी ही वस्तू. तिच्या टोकाला छोटी गोळी असते, ग्रीस आत जाऊ देते, बाहेर येऊ देत नाही.

या निपलाचे जे हाल होतात ते झेर्क यांनी पाहिले नाहीत, हे एका परीने बरंच. ट्रॅक्टरच्या पुढच्या आसावर, किंगपिनवर ही निपलं असतात. चिखलातलं काम असेल तर ग्रीस रोज द्यावं, अशी शिफारस असते. ग्रीस गन घरात असते. ती कुठं असते ते मात्र कोणाला सांगता येत नाही. शेवटची ती चुलत्याने नेली होती. सापडली तर तिचं तोंड मातीने माखलेलं, निपलावर मातीचा पोपडा, आणि मालक गन तशीच टेकवून दांडा मारायला लागतो. म्हणजे जी माती टोपीने, वाटीने, नशिबाने इतके दिवस बाहेर थोपवली होती, ती मालक स्वहस्ते, दाबाने आत भरतो. फडक्याचा एक हात फिरवला असता तर हे टळलं असतं. पण फडकं आरसे पुसायला लागलेलं असतं. ट्रॅक्टर विकायला काढला तर आणखी मजा. बाजाराच्या आदल्या दिवशी त्याला नखशिखांत रंग मारतात, तो निपलांवरही बसतो आणि भोक बुजतं. नवा मालक महिनोन्‌महिने इमानदारीने गन टेकवतो. ग्रीस बाजूने ओघळतं आणि त्याला वाटतं, ‘भरलं वाटतं.’

मोटारींच्या कंपन्यांनी यावर तोड काढली: निपलच ठेवायचं नाही. टायरॉड एंड कारखान्यातच ग्रीस भरून बंद होऊन येतो, आयुष्यभराचा. आयुष्य कोणाचं, तर रबराचं. टोपी धड असेपर्यंत तो आयुष्यभराचा असतो.

काळी-पिवळी जीपवाल्यांना या बाबतीत कोणी शिकवायला जाऊ नये. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिज जीपच्या पुढच्या आसाला, चाक जिथं वळतं त्या गोल गाठीवर नमद्याची पट्टी बसवलेली असे. चाक वळलं की ती पट्टी गाठ पुसून काढायची, माती आत जायची नाही. महिंद्रांनी १९४७ पासून भारतात विलिज जीप जोडायला घेतल्या. त्या वंशातल्या कमांडर पुढं मराठवाड्यात वडाप करायला आल्या, तेव्हा आतल्या माणसांची संख्या पाहता धुळीला शिरायला जागा उरत नसावी असं वाटे. चालक दरवाज्याबाहेर अर्धा लोंबकळत असे, चाकावर एकच हात, आणि प्ले एवढा की तो चाक सतत डावं-उजवं हलवत राही. बघणाऱ्याला वाटे, रस्ता वळणावळणाचा आहे.

या सगळ्यांची परीक्षा घेणारा काळ म्हणजे गळीत हंगाम. ऑक्टोबर-नोव्हेंबर उजाडला की जिल्ह्यातून लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, बाज, शेळ्या, कोंबड्या, पोरंटोरं असा सगळा संसार चढतो. तोच ट्रॅक्टर तिकडं पोचल्यावर दोन-दोन ट्रॉल्या ऊस ओढतो. फडातून बाहेर निघताना चाकं चिखलात, मागचं ओझं चढणीवर, आणि ट्रॅक्टरचं तोंड वर उचललं जातं. पुढची चाकं जमिनीला जेमतेम टेकलेली असताना स्टेअरिंग कितीही फिरवलं तरी काय होणार! म्हणूनच ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या मागच्या चाकांसाठी ब्रेकचे दोन वेगळे पेडल असतात. एक दाबला की ट्रॅक्टर त्या बाजूला वळतो. शेतात वळण्यासाठी केलेली ही सोय काही बहाद्दर स्टेअरिंगचा जोडधंदा म्हणून रस्त्यावरही वापरतात. टायरॉड सैल झाला तरी त्यांचं अडत नाही. समोरच्याचं अडतं.

टायरॉड एंड जायच्या आधी बोलतो. खड्ड्यात टकटक करतो, वळणावर कचकचतो. त्याचं बोलणं ऐकू आलं तर माणूस सावध होईल. पण उसाच्या ट्रॅक्टरवर चालकाच्या मागं दोन मोठे स्पीकर असतात, आणि रात्री झोप येऊ नये म्हणून ते लावलेले असतात. झोप जाते, गावाचीही जाते, आणि टायरॉडची टकटक ढोलकीच्या ठेक्यात मिसळून जाते. पॉवर स्टेअरिंगने उरलीसुरली खूण पुसली. पूर्वी सांधा जाम झाला की दंड भरून यायचे, आता हायड्रॉलिक तेल ते सगळं निमूट सोसतं आणि चालकाचं एक बोट पुरतं. त्या बोटाला खाली काय चाललंय याचा पत्ता नसतो. पॉवर स्टेअरिंगच्या सिलिंडरची चकचकीत दांडी मात्र मातीला बळी पडतेच. तिच्या तोंडाशी माती पुसणारी सील असते; ती कडक झाली की वाळलेला चिखल दांडीसोबत आत-बाहेर करतो, ओरखडे पाडतो, आणि तेल गळायला लागतं. कारखान्याच्या अड्ड्यावर नंबर लागेपर्यंत तासन्‌तास ट्रॅक्टर उभे असतात. तेवढ्या वेळात खाली वाकून बघता येतं. पण तिथं पत्त्यांचा डाव बसलेला असतो, आणि डाव अर्धवट सोडणं चांगलं दिसत नाही.

दुचाकीवाल्यांनी हसायचं कारण नाही. त्यांच्या हँडलखाली कोनसेट असतो, छऱ्यांच्या दोन रांगा वरखाली. खड्ड्यांत आदळून आदळून छरे वाटीत खाचा पाडतात, आणि त्या बहुतेक हँडल सरळ असतानाच्या जागी पडतात, कारण गाडी जास्तीत जास्त वेळ सरळच चालते. मग हँडल मधोमध आलं की खटकन बसतं. पुढच्या टायरने उडवलेलं पाणी आणि धूळ त्यात मिसळली की गंज. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवून पहाटे डेअरी गाठणाऱ्याला विचारलं, तर तो म्हणतो, गाडीला रस्ता पाठ झालाय, म्हणून हँडल वळवत नाही.

१७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी, अहिल्यानगरहून बीडला रेल्वे सुरू झाली. कित्येक दशकं लोकांनी तिची वाट पाहिली. तिच्या स्वागताला जमलेल्या गर्दीत एखादा मिस्त्री असेल, तर त्याच्या मनात एकच विचार आला असेल: हिला टायरॉडच नाही.

या मिस्त्रीला जवळून बघण्यासारखं असतं. जालना रोडवर, नगर रोडवर, बार्शी नाक्याकडे, कुठंही. तो आधी काही बोलत नाही. जॅक लावतो, पुढचं चाक उचलतो, चाकाला दोन्ही बाजूंनी, घड्याळात तीन आणि नऊ असतात त्या जागी, पंजे घालून गदागदा हलवतो. चाक जरा डुगडुगतं. मग तो पोराला स्टेअरिंग थोडं थोडं हलवायला सांगून खाली सरपटतो आणि टायरॉड एंडवर नुसतं बोट ठेवतो. गोळा वाटीत आपटला तर ते बोटाला कळतं, त्यासाठी यंत्र लागत नाही. टोपीची जागा दाखवायला तो मालकाला खाली बोलावतो. मालकाचे कपडे पांढरे असतात. तो उभ्यानेच वाकल्यासारखं करतो.

“रबर फाटलंय मालक. आत माती गेलीय.”

“चालंल का?”

“चालंल की. पण कुठवर, ते मला नका विचारू.”

मालक यातला पहिला शब्द घेऊन घरी जातो.

ज्यांना थांबायचं असतं ते थांबतात, पण नवी टोपी आणायला नाही. जुनी ट्यूब असतेच. तिची पट्टी कापायची, सांध्याभोवती गुंडाळायची, वर बांधकामाची तार पिळायची. दिसायला काम चोख होतं. अडचण रसायनशास्त्राची आहे. ट्यूब बहुतेक ब्युटाइल रबराची असते. ते हवा धरून ठेवण्यात पटाईत, पण खनिज तेल आणि ग्रीस लागलं की फुगतं आणि लिबलिबीत होतं. कंपनीची टोपी निओप्रीनसारख्या तेलाला बऱ्यापैकी टिकणाऱ्या रबराची असते, ती काही उगाच नाही. ट्यूबची पट्टी ढिली पडली की तिच्या आत धूळ जमते आणि बाहेरून तारेचा पीळ तसाच राहतो. म्हणजे घाण आत राखून ठेवायची पक्की व्यवस्था. नटाची स्प्लिट पिन हरवली तर तिच्या जागी खिळा वाकवून घालणारे याच परंपरेतले. नियम ९८ ने पिना अडकवलेल्या असाव्यात असं सांगितलंय. कशाच्या असाव्यात ते सांगितलेलं नाही, असा युक्तिवाद आष्टीच्या कोर्टातही टिकणार नाही.

आरटीओत पासिंगला जायचं ठरलं की एमएच २३ असो की अंबाजोगाईची एमएच ४४, गाडीचा कायापालट होतो. रिफ्लेक्टरच्या पट्ट्या चिकटतात, इंडिकेटर पेटायला लागतात, नंबरप्लेटवरचा ‘दादा’ पुन्हा आकड्यांत रूपांतरित होतो. आणि गाडी वॉशिंग सेंटरला जाते. तिथला पोरगा पंपाचं पाणी थेट सांध्यांवर, कोनसेटवर, भात्याच्या क्लिपवर मारतो. जी धूळ रबराच्या ओठाशी थांबली होती ती पाण्याबरोबर आत जाते. चिखल दुरून, हलक्या धारेने भिजवून काढायचा असतो, हे त्याला ठाऊक असतं. पण मागं सहा गाड्या थांबलेल्या असतात. धुऊन झालं की तो खालून डिझेलचा फवारा मारतो. त्याने गाडीचं पोट काळंभोर चकाकतं. त्या ओल्या थरावर गावी पोचेपर्यंत रस्त्याची सगळी धूळ चिकटते, आणि डिझेल रबराला हळूहळू फुगवून, सैल करून, शेवटी चिरा पाडून मोकळं होतं.

दोष सगळा मालकाचा आणि मातीचाच असतो असंही नाही. जुलै २०२३ मध्ये मारुती सुझुकीने एस-प्रेसो आणि ईको मिळून ८७,५९९ गाड्या परत तपासणीला बोलावल्या. टायरॉडच्या एका भागात दोष असण्याची शक्यता होती, क्वचित तो तुटून स्टेअरिंगवर परिणाम झाला असता. त्याचा धुळीशी संबंध नव्हता. पण त्या आठवड्यात टायरॉड हा शब्द वर्तमानपत्रात छापून आला आणि कित्येकांना आपल्या गाडीत तो असतो हे पहिल्यांदा समजलं.

स्पेअर पार्टच्या दुकानात मात्र सगळ्यांना समजतं. काउंटरवर एक माणूस येतो. खिशातून वर्तमानपत्राची पुडी काढतो. पुडीत काळं, चिकट, एका बाजूने उकललेलं रबर असतं. दुकानदार ते अंगठ्यावर चढवून बघतो, मागच्या फळीवरून दोन-तीन डबे काढतो, एकेक टोपी जुन्याच्या तोंडाशी लावून मापतो.

“नुसतं रबर टाकून भागंल का? का एंड पण घ्यावा लागंल?”

“गोळा हलत नसंल तर भागंल. हलत असंल तर रबराने काय होतंय, मामा?”

मामा विचार करतात. शेवटी एंड घेतात, घासाघीस करतात, वर एक टोपी फुकट मागतात. दुकानदार देत नाही. मामा सामान पिशवीत टाकतात आणि निघता निघता विचारतात, “टिकंल ना पण?”

“तीन-चार हंगाम बघायला नको. फक्त खालून डिझेल मारू नका.”

मामा थबकतात. “डिझेल नाही मारलं, तर गाडी चमकायची कशी?”